रथ अडकला की पाण्यानं जावं

बँकॉकच्या असोक चौकात आमची टॅक्सी थांबली तेव्हा सिग्नलवरचा आकडा १२० होता. तो उतरत उतरत शून्यावर आला, हिरवा दिवा लागला, पुढच्या सात-आठ गाड्या सरकल्या आणि पुन्हा लाल. असं तीनदा झालं. बाहेर एप्रिलची दुपार होती. काचेला हात लावला तर चटका बसत होता. चालकाने आरशातून माझ्याकडे पाहिलं आणि दोनच शब्द उच्चारले, "रोत तित."

शेजारी बसलेला भाचा म्हणाला, "मावशी, इथला सगळ्यात उपयोगाचा शब्द शिकलीस. तित म्हणजे अडकणं आणि रोत म्हणजे गाडी. थाई लिपीत हा शब्द आजही 'रथ' असाच लिहितात, फक्त म्हणताना रोत म्हणतात."

म्हणजे रथ अडकला. विमानतळापासून शहरापर्यंत रथ नीट आला होता आणि घर दीड किलोमीटरवर राहिलं असताना पाऊण तास रुतून बसला होता. सामान होतं म्हणून टॅक्सी केली होती. भाच्याने तिथेच सांगून टाकलं, "उद्यापासून टॅक्सी बंद. उद्यापासून तुला या गावाच्या रीतीनं फिरवतो." पुढचे दहा दिवस मी जे पाहिलं आणि शिकले, ते या रीतीबद्दलच आहे.

आधी उन्हाचं सांगते. मी नागपूरची. पंचेचाळीसचा पारा, नवतपा, दारं-खिडक्या बंद करून काढलेल्या दुपारी, पिशवीत ठेवलेला कांदा, हे सगळं अंगवळणी पडलेलं. बँकॉकमध्ये एप्रिलात छत्तीस अंश असतात हे वाचून मला काळजी वाटलीच नव्हती. पहिल्याच सकाळी दहाला खाली उतरले आणि शंभर पावलांत पाठ भिजली. सावलीत उभी राहिले तरी घाम वाळेना.

फरक आहे तो हवेतल्या पाण्याचा. विदर्भातलं ऊन कोरडं. घाम आला की लगेच उडतो आणि उडताना अंगातली उष्णता घेऊन जातो. वाळ्याच्या ताट्यांचा कूलर आपल्याकडे चालतो तो याच तत्त्वावर. बँकॉक समुद्राजवळचं, नदीकाठचं, मुळात दलदलीच्या जमिनीवर वसलेलं शहर. तिथली हवा आधीच ओलीचिंब असते, त्यामुळे घाम उडायला जागाच उरत नाही. तो नुसता वाहतो, शरीर थंड होत नाही, आणि पाणी व मीठ मात्र निघून जातं. त्यात रात्रही दिलासा देत नाही. एप्रिलात पहाटेसुद्धा पारा सत्तावीसच्या आसपासच असतो. दिवसभर तापलेलं काँक्रीट रात्रभर ऊब सोडत राहतं. म्हणून नागपूर, जळगाव, अकोल्याच्या माणसांना माझं कळकळीचं सांगणं आहे, तापमानाच्या आकड्यावर जाऊ नका. दर तासाला थोडं थोडं पाणी प्या आणि मीठ-साखरेच्या पुड्या जवळ ठेवा. डोकं दुखायला लागलं किंवा मळमळलं, तर 'अजून एक देऊळ पाहून घेऊ' म्हणू नका.

मग इथली माणसं काय करतात? पहिलं उत्तर मला एका बसथांब्यावर मिळालं. थांब्याला छप्पर तोकडं होतं. शेजारी उड्डाणमार्गाचा एक खांब होता आणि त्याची लांब, अरुंद सावली फुटपाथवर पडली होती. त्या सावलीत दहा-बारा माणसं एकामागे एक उभी होती. कचेरीतल्या मुली, शाळेची पोरं, भाजीची पिशवी घेतलेली एक आजी. सावली जरा सरकली की सगळी रांग न बोलता तेवढीच सरके. कुणी कुणाला ढकललं नाही. आजीसाठी पुढच्या मुलीने अर्धं पाऊल मागे घेतलं. मीही त्या रांगेत शेवटी जाऊन उभी राहिले आणि वीतभर सावलीची किंमत त्या दिवशी कळली.

आता कोंडीकडे येते, कारण ती नुसत्या गाड्यांच्या संख्येनं झालेली नाही, तिला इतिहास आहे. १७८२ मध्ये पहिल्या राम राजाने चाओ फ्राया नदीच्या पूर्व काठावर ही राजधानी वसवली, तेव्हा इथले रस्ते म्हणजे कालवे होते. थाई भाषेत त्यांना 'ख्लोंग' म्हणतात. घरं पाण्याकडे तोंड करून, बाजार होड्यांवर, सैन्यही होड्यांतून. आधुनिक पद्धतीचा पहिला मोठा रस्ता, चारोएन क्रुंग, १८६४ साली तयार झाला. त्यामागचं कारण मोठं मजेशीर आहे. इथे राहणाऱ्या युरोपियन वाणिज्यदूतांनी राजे मोंगकुट यांच्याकडे अर्ज केला होता की घोड्यावरून फिरायला रस्ते नसल्यामुळे आमच्या प्रकृती बिघडतात. पुढच्या शंभर वर्षांत मोटारी आल्या आणि एकेक कालवा बुजवून त्यावर रस्ता होत गेला.

दुसरं कारण गल्ल्यांचं. इथल्या गल्लीला 'सॉय' म्हणतात. पूर्वीची भातशेती आणि बागा म्हणजे कालव्याला काटकोनात असलेल्या लांबच लांब, अरुंद पट्ट्या होत्या. शहर वाढलं तसे मालकांनी पट्ट्या विकल्या आणि प्रत्येकाने आपल्यापुरती मधून वाट काढली. शेजारच्या वाटेशी ती जोडायची कुणाला गरज वाटली नाही. त्यामुळे आजही कित्येक सॉय आत दीड-दोन किलोमीटर जातात आणि भिंतीला टेकून संपतात. पलीकडच्या सॉयमधल्या मैत्रिणीकडे जायचं तरी आधी मुख्य रस्त्यावर यायचं. सगळ्या गल्ल्यांचं पाणी एकाच नाल्यात यावं तशा सगळ्या गाड्या सुखुमवितसारख्या एकाच रस्त्यावर येतात. सुखुमवितवर एका बाजूला विषम क्रमांकाच्या सॉय आणि दुसऱ्या बाजूला सम. पत्ता शोधताना हे लक्षात ठेवलं तर उन्हातली बरीच पायपीट वाचते.

या कोंडीत माणसांचा जन्मही होतो. १९९३ मध्ये राजे भूमिबल यांच्या पुढाकाराने वाहतूक पोलिसांचं एक खास पथक तयार झालं. अडकलेल्या रुग्णांपर्यंत मोटारसायकलवरून पोहोचायचं, वाट काढून द्यायची, आणि वेळ आलीच तर रस्त्यावर बाळंतपणही करायचं, असं प्रशिक्षण त्यातल्या पोलिसांना दिलं जातं. हे ऐकलं आणि मला सिग्नलवरच्या त्या १२० आकड्याची खरी भीती वाटली. आपल्याला नुसता उशीर होत असतो, पण त्याच रांगेत कुणाचा जीव टांगणीला लागलेला असतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाच्याने मला ख्लोंग सेन सेपच्या काठावर नेलं. न बुजवलेल्या कालव्यांपैकी हा मोठा. १८३७ ते १८४० या काळात तिसऱ्या राम राजाने पूर्वेकडच्या युद्धासाठी सैन्य आणि दाणागोटा नेता यावा म्हणून तो खोदवला. आज त्यावरून नोकरदार माणसं कामावर जातात. रस्ते तुंबल्यावर १९९० मध्ये प्रवासी बोटी सुरू झाल्या आणि शहराला जुनी वाट पुन्हा सापडली. सुमारे अठरा किलोमीटरचा मार्ग, वाटेत एकही सिग्नल नाही, आणि भाडं दहा-वीस बाथांच्या घरात.

बोट धक्क्याला लागते ती मोजून काही क्षण. दोर टाकला, माणसं उतरली, माणसं चढली, दोर सोडला. काठाची पट्टी उंच असते, दोर धरून पाय टाकावा लागतो. मी दचकत पाय उचलला तेव्हा आतल्या एका बाईने काही न बोलता माझं मनगट धरलं आणि आत घेतलं. बोटीच्या दोन्ही बाजूंना निळ्या प्लास्टिकचे पडदे असतात. त्यांचा दोर प्रवाशांच्याच हातात. समोरून दुसरी बोट आली की कडेला बसलेले सगळे एकदम दोर ओढतात, पडदा वर जातो, काळं पाणी त्यावर आपटतं आणि मग पडदा पुन्हा खाली येतो. दुसऱ्या खेपेला मी तो दोर स्वतः ओढला. तिकिटं देणारी बाई डोक्यावर हेल्मेट घालून बोटीच्या बाहेरच्या कडेवरून चालत होती. एका हातात वरची दांडी, दुसऱ्या हातात सुटे पैसे. हेल्मेट कशाला, ते पुढच्या पुलाखाली कळलं. पूल इतका ठेंगणा की बोटीचं छप्परच खाली सरकवलं गेलं आणि ती वाकून निसटली.

पाण्याला वास येतो, हे खरं आहे. नाकाला रुमाल लावावा लागतो. पण तोंडावर वारा असतो आणि वर रस्त्यावरच्या गाड्या उभ्या असताना आपण पुढे जात असतो. प्रातुनामला बोट बदलायची आणि शेवटच्या फान फा धक्क्यावर उतरायचं. तिथून सोनेरी टेकडीचं देऊळ चालत जाण्यासारखं आहे. तीनशेहून अधिक पायऱ्या आहेत, पण त्या झाडांच्या सावलीतून वळत वळत जातात आणि वर वारं असतं. सकाळी लवकर गेलात तर वरून जुनं शहर लख्ख दिसतं.

मोठ्या नदीवर, चाओ फ्रायावर, बोटींची ओळख झेंड्यांच्या रंगावरून होते. पर्यटकांसाठी निळ्या झेंड्याची महाग बोट आहे. नारिंगी झेंड्याची बोट स्वस्त आणि रोजच्या माणसांची. आकाशगाडीच्या, म्हणजे उंच पुलावरून धावणाऱ्या रेल्वेच्या, सफान ताकसिन स्थानकाला लागूनच साथोर्नचा धक्का आहे, त्यामुळे गाडीतून उतरून थेट नदीवर जाता येतं.

ही आकाशगाडी ५ डिसेंबर १९९९ रोजी सुरू झाली आणि जमिनीखालची मेट्रो २००४ मध्ये. आकाशगाडीच्या पुलामुळे आणखी एक गोष्ट झाली. त्याखाली किंवा त्याला जोडून केलेल्या पादचारी मार्गांवरून सियाम स्थानकाच्या आसपास सावलीसावलीने बरंच अंतर चालता येतं, खालचे सिग्नल टाळून. गाडीच्या आत मात्र हुडहुडी भरेल असा गारवा असतो. घामाने भिजलेल्या अंगाने आत शिरायचं नाही, आधी घाम टिपायचा आणि अंगावर काही घ्यायचं. तिथल्या मुलींच्या पिशवीत उन्हाळ्यातही पातळ जाकीट का असतं, ते मला पहिल्याच फेरीत समजलं. माझा दुपट्टा त्या कामी आला.

दुपट्ट्याचीच आणखी एक गोष्ट, मोटारसायकलवरची. आकाशगाडीच्या स्थानकापासून घरापर्यंत लांबलचक सॉय, आणि तिथे बस जात नाही. त्यासाठी प्रत्येक सॉयच्या तोंडाशी नारिंगी जाकिटं घातलेले मोटारसायकलवाले बसलेले असतात. त्या अड्ड्याला 'विन' म्हणतात. जाकिटावर क्रमांक असतो आणि भाड्याचा फलक लावलेला असतो. ज्याची पाळी तोच निघतो, गिऱ्हाईक ओढाओढी नाही. मी बसायला गेले तशी चालकाने हात वर करून थांबवलं. माझ्या दुपट्ट्याकडे बोट दाखवलं, मग मागच्या चाकाकडे. स्वतः खाली उतरून त्याने मला दुपट्ट्याची दोन्ही टोकं कमरेला खोचायला लावली, हेल्मेट दिलं, त्याचा पट्टा लावल्याची खात्री केली आणि मगच गाडी सुरू केली. गुडघे आत घ्यायचे, पिशवी दोघांच्या मध्ये धरायची आणि मुख्य रस्त्यावरच्या लांब पल्ल्याला हे वाहन घ्यायचं नाही, एवढं पाळलं तर सॉयमध्ये याच्यासारखी सोय नाही.

वाहनांइतकंच वेळेचं भान हवं. भाच्याने माझ्या दिवसाची घडीच बदलून टाकली. साडेपाचला उठायचं. त्या वेळी भगव्या वस्त्रातले भिक्खू अनवाणी भिक्षा घेत फिरत असतात आणि बाजारात भाज्यांवर पाणी मारलेलं असतं. राजवाडा पाहायचा तर साडेआठला, दार उघडतं त्याच वेळी हजर राहायचं. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, म्हणून सैल सुती कपडेच बरे. २०१९ पासून सनाम चाय हे मेट्रो स्थानक वाट फो या देवळाजवळ झालं आहे, त्यामुळे जुन्या शहरात जायला आता रस्त्यावर अडकावं लागत नाही. अकरानंतर बाहेर राहायचं नाही. दुपार घरात, संग्रहालयात किंवा झोपेत. पाचनंतर पुन्हा बाहेर. थाई माणसं दिवसातून दोन-तीनदा अंघोळ करतात. "अंघोळ झाली का?" हा तिथे आपुलकीचा प्रश्न आहे. त्यानंतर अंगाला गार लागणारी पावडर. जवळजवळ प्रत्येकाकडे नाकाशी धरायची भीमसेनी कापूर आणि पुदिन्याच्या अर्काची छोटी नळीही असते. कोंडलेल्या बसमध्ये ती खरोखर जीवात जीव आणते.

एका दुपारी भाच्याच्या शेजारणीने आम्हाला 'खाओ चे' खायला बोलावलं. हा खास उन्हाळ्यातला पदार्थ मूळचा मोन लोकांचा, पुढे राजवाड्यात गेला आणि तिथून घराघरांत आला. मोकळा शिजवलेला भात चोळून धुतात, म्हणजे पाणी गढूळ होत नाही. रात्रभर मोगऱ्याची फुलं घातलेल्या आणि सुगंधी मेणबत्तीचा धूर दिलेल्या पाण्यात तो घालून वर बर्फ. सोबत तळलेले, गोड-खारट असे अनेक प्रकार असतात. मी शाकाहारी आहे हे तिला ठाऊक होतं, म्हणून माझ्यापुढे कैरीच्या फोडी, काकडी आणि गोडसर परतलेला मुळा ठेवला होता. पहिला चमचा तोंडात घातला आणि मी घरी पोहोचले. आमच्या माठात आई वाळ्याची जुडी टाकायची आणि संध्याकाळी दोन मोगऱ्याची फुलं. तोच वास, तोच गारवा, फक्त इथे तो भातात होता. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला आपण पन्हं देतो, आंब्याची डाळ देतो, अंगावर गुलाबपाणी शिंपडतो. उन्हाळ्यात माणसाला गारवा देणं हे आपल्याकडेही सणाचंच काम आहे.

तिथला सण १३ एप्रिलला आला. 'सोंगक्रान' म्हणजे आपली संक्रांत, सूर्य मेषेत जाण्याची. २०२३ मध्ये युनेस्कोने तिला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं. जगाला तिची ओळख पिचकाऱ्यांमुळे आहे. खाओ सान आणि सिलोमच्या रस्त्यांवर खरोखर पाण्याची लढाई असते. मोबाइल प्लास्टिकच्या पिशवीत गळ्यात अडकवल्याशिवाय तिथे जाऊ नये. पण मला आश्चर्य वाटलं ते असोक चौकाचं. सिग्नलचा आकडा उतरत होता आणि थांबायला गाडीच नव्हती. लाखो माणसं आपापल्या गावी गेली होती. ज्यांच्या टॅक्सी, मोटारसायकली आणि खाण्याच्या गाड्या या शहरात रोज दिसतात, त्यांतली कितीतरी माणसं ईशान्येकडच्या खेड्यांतली. त्या दिवसांत कोंडी गावाकडच्या महामार्गांवर जाते, आणि अपघात वाढतात म्हणून सरकार या काळाला 'सात धोक्याचे दिवस' म्हणून मोहीम राबवतं. एरवी मी ज्यांच्यामुळे अडकले असं म्हणत होते, ती सगळी घरापासून लांब राहून हे शहर चालवणारी माणसं होती.

सणाच्या सकाळी शेजारणीकडे तिची मुलं आली. म्हाताऱ्या आजीला खुर्चीत बसवून तिच्या जोडलेल्या ओंजळीवर एकेकाने मोगऱ्याचं पाणी हळूहळू ओतलं. आजी पुटपुटत प्रत्येकाला आशीर्वाद देत होती. मग भाच्याने ते भांडं घेतलं आणि माझ्यापुढे गुडघ्यांवर बसला. "मावशी, हात कर." घर सोडून सहा वर्षं झालेला माझा बहिणीचा मुलगा, त्याने माझ्या ओंजळीत पाणी ओतलं. मी त्याच्या डोक्यावर ओला हात ठेवला. काय बोलावं ते सुचलं नाही.

त्याच संध्याकाळी लुम्फिनी बागेत गेलो. उन्हं कलली होती. तळ्याकाठी घोरपडीसारखे मोठे सरडे पाण्यात उतरत होते, तरुण-म्हातारे तळ्याभोवती पळत होते. सहा वाजले आणि ध्वनिक्षेपकावर राष्ट्रगीत सुरू झालं. पळणारे जागच्या जागी थांबले. घाम ठिबकत होता, छाती भात्यासारखी हलत होती, पण पाय स्थिर. गीत संपलं आणि सगळे पुन्हा पळू लागले. बागेपासून एक उंच हिरवा पादमार्ग बेंजाकिती बागेपर्यंत जातो. तंबाखूच्या जुन्या कारखान्याच्या जागेवर २०२२ मध्ये तिथे पाणथळ रान उभं केलं आहे. बुजवलेल्या पाण्याला शहर पुन्हा जागा देतंय, हे पाहून फार बरं वाटलं.

निघायच्या दिवशी टॅक्सीचं नावही काढलं नाही. सुखुमवित स्थानकावरून मेट्रोनं एकच स्थानक गेलो, तिथून चालत मक्कासानला आणि मग विमानतळाची उंचावरून जाणारी गाडी. खाली रस्ता पुन्हा भरला होता. गावाहून माणसं परत आली होती.

भाचा म्हणाला, "मावशी, पुढच्या वेळी डिसेंबरात ये. हवा छान असते."

मी म्हटलं, "नाही रे, मी चैत्रातच येईन. तेव्हाच तुमच्या गावात माणूस माणसाला सावलीत जागा देताना दिसतो."